गोठ्यापाशीची पंगत

माझ्या बाबांकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती आमच्या सगळ्या कारधा गावाला पाठ आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारासमोर मांडव पडतो, पाहुण्यांची भाषणं होतात आणि शेवटी कोणीतरी माइकवर म्हणतं, "आता आपले तेजरामजी." मग बाबा उठतात, सदरा सारखा करतात आणि डफडं बुडवल्याची गोष्ट सांगतात. लहानपणी मी ऐकताना सोबत ओठ हलवत असे. मोठी झाल्यावर मी नेमकी त्याच वेळी चहाचे कप गोळा करायला उठू लागले.

गोष्ट अशी. नागपूरची दीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षीची. तोवर गावात लग्न असो की मयत, डफडं आमच्याच लोकांनी वाजवायचं आणि सगळ्या पंगती उठल्यावर मालकाच्या गोठ्यापाशी बसून उरलंसुरलं जेवायचं, अशी रीत होती. बाबांना तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं, पण हात असा की आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. एका लग्नात आजोबा तापानं फणफणले होते, तरी त्यांना वरातीपुढे चालवलं. रात्री गोठ्यापाशी पानं मांडली आणि म्हशीनं शेपटी झटकली, ती शेणासकट आजोबांच्या पानात. मालक हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी वस्ती वैनगंगेच्या घाटावर जमली आणि प्रत्येकानं आपापलं डफडं पाण्यात टाकलं. पहिलं टाकलं ते बाबांनी. "त्या दिवसापासून आमी कोनाच्या दारी वाजवलं नाही, आन कोनाच्या गोठ्यापाशी जेवलो नाही," हे शेवटचं वाक्य. त्यावर टाळ्या पडतात.

डफडं बुडालं, बाबांची बोटं मात्र बुडाली नाहीत. ताटाच्या कडेवर, खाटेच्या पाटीवर, एसटीच्या सीटवर ती चालूच असतात. आई, म्हणजे धुरपताबाई, जेवताना दहादा म्हणते, हात ठेवा ना खाली. बाबा शाळेतल्या पोरासारखा हात मांडीखाली दाबतात आणि थोड्या वेळानं दुसरा हात सुरू होतो.

मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. सासर नदीपलीकडेच, त्यामुळे माझा बराच वेळ माहेरीच जातो. नागपूरच्या एका मासिकानं मजकूर मागितला तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं म्हणून बाबांची गोष्ट इंग्रजीत लिहून पाठवली आणि विसरून गेले. इंग्रजीत लिहिलेलं कुठे कुठे जाईल याचा नेम नाही. दीडेक वर्षानं मला हंगेरीतून ई-मेल आला. खाली नाव होतं तिबोर, आणि नावाच्या आधी लिहिलं होतं, जय भीम.

हा काय प्रकार म्हणून मी त्याला चार प्रश्न विचारले, त्यानं मला चाळीस गोष्टी सांगितल्या. युरोपातल्या त्या देशात रोमा नावाचे लोक आहेत. रंगानं आपल्यासारखे, गावाबाहेर वस्ती, शाळेत शेवटचा बाक. त्यांचे पूर्वज फार पूर्वी आपल्याच मुलखातून निघाले असं जाणकार म्हणतात. तिबोर त्यांच्यातला, शाळामास्तर. त्याचा आजा गोऱ्यांच्या लग्नात व्हायोलिन वाजवायचा आणि जेवायला त्याला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसवायचे. कोणीतरी तिबोरच्या हाती बाबासाहेबांचं पुस्तक दिलं आणि तो वेडावला. हे तर आमचंच लिहिलंय, असं त्याला वाटलं. त्याच्या गावच्या काही घरांनी धम्म घेतला, शाळेत बाबासाहेबांचा फोटो लागला. आपण तिकडून बँड घेतला, क्लॅरनेट घेतलं, कोटपँट घेतली, हे मी वर्गात बडबडत असतेच. इकडून तिकडे असं काही जात असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आणि बाबासाहेबांमागोमाग आमचे बाबाही तिकडे गेले होते. तिबोरच्या शाळेतल्या पोरांनी माझा लेख वाचून नाटक बसवलं होतं. त्यानं फोटो पाठवला. निळी चादर म्हणजे वैनगंगा, बिस्किटाचा पत्र्याचा डबा म्हणजे डफडं, कोपऱ्यात खरोखरचं गवत टाकून केलेला गोठा, आणि मध्ये कोळशानं मिशा काढलेला एक काळासावळा पोरगा. तो म्हणजे तेजराम. मागे भिंतीशी, पोरांच्या डोक्यांआड, मास्तर तिबोर. तिबोरनं लिहिलं होतं, मीही लग्नांत व्हायोलिन वाजवायचो, तुमच्या वडिलांसारखं ते नदीत टाकायला माझा हात धजला नाही. पण मी ठरवलं, ज्या घरी मला सगळ्यांसोबत बसून जेवता येणार नाही तिथे वाजवणार नाही. तेव्हापासून मला बोलावणं जवळजवळ बंद झालं आहे.

बाबांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते फोटो हातात धरून बसले.

"हे त्यानं माह्या गोष्टीनं केलं?"

"हो बाबा, तुमच्याच गोष्टीनं."

त्या दिवसापासून बाबांची झोप गेली. फोटो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. लोक म्हणायचे, हा कोण, तर सांगायचे, मी. पुढे तिबोरचं ठरलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात यायचं आणि कारध्याला येऊन तेजरामजींना भेटायचं. नेमकं तेव्हाच माझ्या भावाच्या, संघपालदादाच्या मुलीचं, खुशबूचं लग्न निघालं होतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. दादा मात्र खूश. भंडारा जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा त्याचं ऑफिस गोंदियाकडे गेलं होतं, तिथून बदली करून घेऊन तो परत भंडाऱ्याला आला, विहार समितीचा सचिव झाला, दुमजली घर बांधलं, आणि आता मुलीच्या लग्नाला परदेशी पाहुणा. पत्रिकेवर त्यानं छापून घेतलं, विशेष उपस्थिती मा. तिबोरजी, हंगेरी.

घरात मग एकच गोंधळ. आईला काळजी, हा गोरा माणूस वांग्याची भाजी खाईल काय. माझा चुलतभाऊ जीवन भंडाऱ्याहून ब्रेड, जॅम आणि काटे-चमचे घेऊन आला. दादानं वरच्या मजल्यावर कमोड बसवून घेतला. मी सांगून थकले की बाबांनो, तो गोरा नाही, आपल्यासारखाच दिसतो. दादा म्हणाला, दिसू दे ना, आहे तर फॉरेनचाच. सांगायचं काम मी केलं, ऐकायचं त्यांच्याकडे.

बाबा या कशातच नव्हते. ते दिवसातून दोनदा घाटावर जाऊन यायचे. धरणाचं पाणी चढल्यापासून खालच्या पायऱ्या दिसत नाहीत, मग त्याला नेमकी जागा कशी दाखवायची, ही त्यांची चिंता. एका दुपारी मी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते तर ते समोर येऊन बसले. बोटं खुर्चीच्या हातावर चाललेली.

"तो मले मोठा समजून राहिला, रश्मी. मास्तर मानूस, लेकरायले माही गोष्ट शिकवते. इथं येऊन त्याले मी लहान दिसलो तं?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. पण हातातला पेपर मी मिटून ठेवला. एका सकाळी त्यांनी एक काम केलं होतं आणि त्यावर ते सत्तरीपर्यंत ताठ मानेनं जगले. त्याच्याबाहेर त्यांच्याजवळ ना शेत होतं, ना शिक्षण. ती गोष्ट खोटी पडली असती तर त्यांच्याकडे दुसरी नव्हती.

लग्न दुपारचं होतं. मे महिना, वैनगंगेवरून येणारा वाराही भट्टीतला. सकाळीच नागपूरहून फोन आला की पाहुण्यासाठी सांगितलेली गाडी आली नाही आणि पाहुणा वाट पाहायला तयार नाही, तो एसटीनं निघाला आहे. दादाची धावपळ उडाली. समितीचे दोघं आणि झेंडूचा जाडजूड हार घेऊन तो हायवेच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येक बसमधून गोरा माणूस उतरतो का ते हे तिघं पाहत होते. त्यातल्याच एका बसमधून तिबोर त्यांच्या समोर उतरला, हे सगळं नंतर जुळवल्यावर कळलं.

त्याच वेळी नवरदेवाची वरात तिथून निघाली होती. पुढे सुखरामची बँड पार्टी. सुखराम पवनीकडचा धिवर, पावसाळाभर तलावात जाळं टाकायचं आणि लग्नसराईत क्लॅरनेट फुंकायचं, असा त्याचा धंदा. अंगात लाल कोट, खांद्यावर पिवळे झुबके. कुठल्या काळच्या गोऱ्या पलटणीचा तो कोट, पलटण गेली, कोट आमच्या वरातीत घाम गाळत राहिला. तिबोरला लग्नालाच यायचं होतं. त्यानं वरात पाहिली आणि तिच्या मागे चालू लागला. पांढरा सदरा, उन्हानं रापलेलं तोंड, हातात व्हायोलिनची काळी पेटी.

मी खुशबूजवळ होते, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मांडवात बाबा पहिल्या रांगेत नवा पांढरा सदरा घालून बसले होते. शेजारची खुर्ची पाहुण्यासाठी राखलेली. फाटकाशी उभं राहून आलेल्यांना बसवायचं काम जीवनकडे होतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, वधूवरांनी एकमेकांना हार घातले, आणि बाबा प्रत्येक गाथेला मान वळवून फाटकाकडे पाहत होते. दादा घामाघूम होऊन रिकाम्या हातानं परत आला. बाबांनी विचारलं, तर तो वैतागून म्हणाला की बसा तुम्ही, येईल. बाबांची बोटं गुडघ्यावर अशी चालली होती की शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

जेवणं सुरू झाली. आत मांडवात टेबलं, कूलर, स्टीलच्या भांड्यांत भात, वरण, वांगं-आलू, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. नवरदेवाकडच्या लोकांना आग्रह चालला होता. पाण्याचे कॅन संपत आले म्हणून मी मागे गेले. आमच्या घरामागे जुना गोठा आहे. म्हशी जाऊन बरीच वर्षं झाली, आता तिथे जनरेटर, मोडकी सायकल आणि पाण्याचे कॅन. गोठ्याच्या सावलीत बँडवाले मांडी घालून जेवत होते. लाल कोट काढून खुंटीला टांगलेले. आणि त्या ओळीत शेवटी, पळसाच्या पत्रावळीवर वरणभात कालवत, तिबोर बसला होता. पेटी मांडीशी. सुखराम त्याला दोन बोटं क्लॅरनेटवर ठेवून काहीतरी दाखवत होता आणि तो मान डोलावत होता.

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. त्यानं वर पाहिलं, उजवा हात खरकटा म्हणून डावा उंचावला आणि म्हणाला, रश्मी, जय भीम.

मी त्याच्याजवळ धावले. तो कधी आला, इथे कसा बसला, सगळं एका दमात विचारलं. तो इंग्रजीत सावकाश सांगू लागला की वरातीबरोबर आलो, फाटकाशी एका भावाला जय भीम केला, त्यानंही केला, मग माझ्या पेटीकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, तिकडे. "मला वाटलं, आधी जेवायची रीत असेल. बसल्यावर कळलं. ही खूण मला येते. आमच्याकडे ती मागच्या दाराकडे असते."

आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच्या दंडाला धरलं. चूक झाली, माझ्या चुलतभावाला वाटलं तुम्ही बँडवाले आहात, चला, आत तुमच्यासाठी खुर्ची आहे, बाबा वाट पाहताहेत. आणि मग, मला आवरलं नाही, मी म्हटलं, बाबांना हे सांगू नका. तिबोरनं सुखरामकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानं विचारलं, मी यांच्याबरोबर आलो, यांच्यासाठी आत खुर्ची नाही का?

मला लाज वाटली. या गोठ्यापाशी बँडवाले बसवलेले मी दादाच्या लग्नात पाहिले होते, माझ्या लग्नात पाहिले होते, आणि बाबांची गोष्ट इंग्रजीत लिहिताना मला त्यातलं एकही लग्न आठवलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत मागून बाबांचा आवाज आला. खुर्चीवर बसून बसून त्यांना राहवलं नव्हतं, ते मला शोधत मागे आले होते. त्यांनी पेटी पाहिली. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, फोटोत पोरांच्या मागे उभ्या असलेल्या मास्तरकडे पाहिलं, मग समोरच्या माणसाकडे. मग त्याच्या पत्रावळीकडे. घरमालक आला म्हणून बँडवाले अर्धवट जेवणावरून उठू लागले.

बाबांनी सुखरामला विचारलं, "तुमाले इथं कोनं बसवलं?"

"इथंच बसतो ना मालक आमी," सुखराम म्हणाला. "सगळीकडंच."

मालक. सुखराम सगळ्यांनाच म्हणतो, त्याला काय माहीत. बाबांचा चेहरा मात्र कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, जीवनला बोलाव.

जीवन पुऱ्यांची परात घेऊनच आला. त्याच्या मागोमाग दादा आला, हार अजून त्याच्या हातात. झाला प्रकार जीवनच्या ध्यानात आला आणि त्यानं कान धरले. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तिबोरकडे हात जोडून तो बाबांना समजावू लागला.

"चूक झाली मोठेबाबा. मले वाटलं, हा बँडवाला होय."

दादानं मान डोलावली. समितीचे लोक आले होते, त्यांनीही डोलावली. झालं असेल, घाईगर्दीत होतं असं. सगळ्यांना वाटलं, खुलासा झाला.

बाबा जीवनकडे पाहत राहिले. "मंग?" ते म्हणाले.

जीवनला कळेना. त्यानं परत सांगितलं, आता जरा मोठ्यानं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल म्हणून. बँडवाला वाटला, म्हणून इकडे बसवला.

"आयकलं मी. बँडवाला वाटला. मंग?"

दादानं पुढे होऊन तिबोरच्या गळ्यात हार घातला आणि फोटोवाल्याला खूण केली. तिबोरनं घालू दिला, पण जागचा हलला नाही. तेव्हा बाबा खाली बसले. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसायला मला नाहीतर आईला धरावं लागतं, पण ते भिंतीच्या आधारानं एकटेच बसले, सुखराम आणि तिबोरच्या मध्ये. नव्या सदऱ्याला शेणामातीची धूळ लागली. त्यांनी पत्रावळ मागितली.

दादा त्यांच्या कानाशी वाकला. आत टेबल लावलं आहे, व्याही पाहत आहेत, निदान आज तरी असं करू नका, सगळ्यांनाच आत नेऊ, उठा. तो रडवेला झाला होता आणि मला त्याचीही दया आली, मुलीचं लग्न होतं त्याच्या.

"पाहू दे," बाबा म्हणाले. "तवा बी पाहातच होते लोक."

जीवननं भात वाढला. बाबांनी सुखरामला हातानं बसवलं, बाकीच्यांनाही, आणि पहिला घास घेतला. पाणी पिऊन त्यांनी तो उतरवला. मग पुढचा.

सगळा मांडव उठून तिथे येऊन बसला, असं काही झालं नाही. व्याही पुंडलिकराव मागच्या दारात येऊन उभे राहिले, नाक मुरडलं आणि परत गेले. त्यांच्याकडची चार माणसं जेवल्याशिवाय निघाली. आमच्यातल्याच एक बाई म्हणाल्या, म्हातारपणी चळलं. फक्त आई आली. सकाळपासून उभी होती, आतल्या टेबलावर तिला कोणी बसवलंच नव्हतं. काही न विचारता ती बाबांसमोर पत्रावळ घेऊन बसली आणि तिबोरला म्हणाली, वांगं घे ना बाप्पा, तिखट नाही. मीही बसले. दादा दारात उभा राहिला.

जेवता जेवता बाबा मला म्हणाले, याला विचार, तो गावी गेल्यावर त्या लेकरांना काय सांगणार. मी विचारलं. तिबोरनं हातातला घास पानावर ठेवला. म्हणाला, मला माहीत नाही, तेजरामजी काय म्हणतात? मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं.

"सांग म्हनावं," बाबा म्हणाले. "सगळं सांग. नाटक अर्धंच झालं होतं."

हात धुतल्यावर तिबोरनं पेटी उघडली. त्यानं मला सांगितलं की आता मी वाजवू शकतो, इथे सगळे एकत्र जेवले आहेत. त्यानं व्हायोलिन खांद्याला लावलं, सुखराम दोन सूर ऐकून क्लॅरनेटवर त्याच्या मागे गेला, अडखळला, परत गेला. बँडमधल्या एकानं ढोलकं बाबांकडे सरकवलं. बाबांनी मान हलवली. कबूल केलेलं ते मोडणार नव्हते, आणि कोणी परत आग्रह केला नाही. फक्त त्यांची बोटं पालथ्या पत्रावळीवर चालत राहिली आणि आईनं पहिल्यांदाच, हात ठेवा, म्हटलं नाही.

तिबोर तीन दिवस राहिला आणि गेला. त्यानंतर घर घर राहिलं नाही. दादा बाबांशी बोलेना, खुशबूला सासरी टोमणे बसले, समितीत कुजबुज सुरू झाली. बाबा रात्री अंगणात फेऱ्या घालायचे. घाटावर जाणं त्यांनी सोडलं. फोटोची पिशवी खिशातून काढून त्यांनी फळीवर ठेवली. मी एकदा विचारलं, बाबा, पश्चात्ताप होतो का, तर म्हणाले, झोप येत नाही एवढंच. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, दादावर चिडायचं होतं, आणि सगळी चीड फिरून माझ्याच गळ्यात येऊन पडत होती.

धम्मचक्र दिन जवळ आला तेव्हा समितीनं ठरवलं, यंदा तेजरामजींना आराम द्यावा. हे मला जीवननं सांगितलं, खाली पाहत. मी बाबांना काही सांगितलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं संपली, आभार मानायला दादा माइककडे निघाला. मी उठले, त्याच्या आधी माइक घेतला आणि म्हटलं, आता आपले तेजरामजी. दादा माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहत होता. मग त्यानं स्वतःच बाबांना हात देऊन वर चढवलं. का ते मी अजून विचारलेलं नाही.

बाबांनी तीच गोष्ट सांगितली. दीक्षा, आजोबांचा ताप, म्हशीची शेपटी, मालकाचं हसणं, घाट. माझे ओठ हलत होते. शेवटचं वाक्य आलं तसे लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"त्या दिवसापासून आमी कोनाच्या दारी वाजवलं नाही," बाबा म्हणाले आणि थांबले. माइकच्या दांड्यावर त्यांची बोटं चालली होती, तो आवाज भोंग्यातून मांडवभर येत होता. "डफडं बुडवलं आमी. पंगत बुडवाची राहून गेली."

एवढं बोलून ते खाली उतरले. टाळ्या पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडे पाहत उठले आणि जेवणाकडे निघाले.

विहाराच्या पडवीत पंगत बसत होती. बाबा पुढे गेले, वायर गुंडाळत असलेल्या माइकवाल्याला हाताला धरून आणलं, मांडववाल्या दोघांना हाक मारली आणि त्यांना शेजारी घेऊन पहिल्या ओळीत बसले. वाढायला जीवन होता. तो भाताची बादली घेऊन उभा राहिला, आधी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दादानं नजर वळवली.

जीवन वाकला. त्यानं पहिल्यांदा माइकवाल्याच्या पानात भात वाढला, मग मांडववाल्यांच्या, आणि शेवटी बाबांच्या.